घराआधी अंगण

दिवाळी सरली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस सुरू होतात. गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यासारख्या धानपट्ट्यातल्या गावांत लेकी-जावई, पाहुणे जमतात. एरवी मोकळं दिसणारं मैदान दिवसा बाजाराने भरतं, रात्री तिथेच दंडार हा लोकनाट्यप्रकार किंवा नाटक रंगतं. या मैदानाला भिंत नाही, छप्पर नाही; तरी गावाची सर्वांत मोठी सार्वजनिक वास्तू तीच.

वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात आज ‘प्लेसमेकिंग’, म्हणजे अशा जागा घडवणं, शिकवतात. माणसं कुठे थांबतात, कुठे बसतात, कुठून वळून जातात हे आधी पाहायचं आणि मग रेघ ओढायची, हे त्याचं सार. न्यूयॉर्कच्या चौकांचं चित्रीकरण करून अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९८० साली पुस्तकात मांडलेला निष्कर्ष साधा होता: बसायची सोय असते तिथे लोक बसतात.

महाराष्ट्रात याचा सर्वांत मोलाचा धडा नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये मिळतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ही वसाहत आखली. सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबं. सात घरांमध्ये मिळून साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन गट एकत्र आले की एकवीस घरांना बारा मीटरांचा चौक आणि अशा तीन चौकांना वीस मीटरांची मोकळी जागा. प्रत्येकाला आपलं घर सोयीने वाढवता यावं म्हणून दोन घरांत सामायिक भिंत ठेवली नाही.

लोकांनी ते वाढवलंच. अनेक मूळ घरं पाडून तिथे उंच बांधकामं झाली, कोरियांची उतरती छपरं विरळ झाली. अंगणं मात्र टिकली. सात घरांच्या दारांसमोरची जागा कोणा एकाची होत नाही आणि बेवारसही राहत नाही. तिच्या टिकण्याचं कारण मला या प्रमाणातच दिसतं.

पुण्यात येरवड्यालाही सामायिक जागा जपण्याचं हेच तत्त्व वेगळ्या वाटेने आलं. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरी योजनेतून स्पार्क ही संस्था, महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचं संघटन आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी वस्ती न उठवता कच्ची घरं जागच्या जागी नव्याने बांधली. पक्क्या घरांना हात लावला नाही, म्हणून शेजार तुटला नाही आणि ओळखीच्या गल्ल्या राहिल्या. घर होतं २७० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे २५ चौरस मीटर.

ग्रामीण घरकुलासाठी प्रधानमंत्री आवास योजनेने ठरवलेलं किमान क्षेत्रफळही २५ चौरस मीटरच आहे. आकडा तोच, पण येरवड्यात घरासोबत शेजाराचाही विचार झाला, घरकुलाच्या हिशेबात मात्र एकेकटं घरच मोजलं जातं. धान वाळवायची जागा, संध्याकाळी बायका बसतात तो ओटा, पोरांचं खेळणं या गोष्टी त्या हिशेबात येत नाहीत.

म्हणून दवनीवाड्यासारख्या गावात नवी घरकुलं एका ओळीत न मांडता, जागा असेल तिथे पाच-सात घरं एका अंगणाभोवती बसवावीत आणि त्या अंगणाची नोंद ग्रामसभेने नकाशावर करावी. नागपूरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आधी इथे येऊन सकाळ, दुपार, संध्याकाळ कोण कुठे बसतं ते कागदावर उतरवावं. वाढत्या गोंदिया शहरातल्या इमारतींनाही घराआधी अंगणाचा हाच नियम लावता येईल. भिंती पुढची पिढी पाडून पुन्हा बांधेल; मोकळी जागा एकदा गेली की ती परत मिळत नाही, म्हणून आराखड्यात तिची आखणी सर्वांत आधी व्हायला हवी.