आकस्मिक रुग्णसेवेतील संवाद आणि नोंद



ज्या सरांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी मला आठवीत शास्त्र शिकविले. प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन रकाने आखावयास लावण्याची त्यांची शिस्त होती. एकदा मी निरीक्षणाच्या रकान्यात 'कर्बवायू निघाला' असे लिहिले. सरांनी ते तांबड्या शाईने खोडले आणि म्हणाले, "तुला दिसले ते बुडबुडे. चुन्याची निवळी पांढरी झाली, हेही दिसले. कर्बवायू हे तुझे अनुमान. पाहिलेले आधी लिही, वाटलेले नंतर." पुढे बेळगाव परिसरात वैद्यकीय व्यवसाय करताना या वाक्याने माझी जी सोबत केली, ती फार थोड्या ग्रंथांनी केली असेल. म्हणूनच आजचा विषय मी निवडला.

आकस्मिक रुग्णसेवा म्हटली की रुग्णवाहिका, प्राणवायूची नळकांडी आणि धावपळ डोळ्यांपुढे येते. परंतु या धावपळीत रुग्ण जसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तशी त्याची हकीकतही जावी लागते. वाटेत ती सांडली, तर पुढचा वैद्य कितीही निष्णात असला तरी अंधारात चाचपडतो.

एक अनुभव सांगतो. 1988 सालचा पावसाळा होता. मी एका रुग्णालयात नवशिका डॉक्टर म्हणून रात्रपाळीवर होतो. भातलावणी करताना पायाला साप चावलेल्या तिशीतल्या बाईंना घेऊन त्यांचे पती आले. आधीच्या दवाखान्यातून आणलेल्या चिठ्ठीवर एवढेच होते : 'सर्पदंश. प्रथमोपचार केले. पुढील उपचारार्थ रवाना.' वेळ नाही, औषध नाही, मात्रा नाही. मी प्रतिसर्पविष सुरू केले. काही मिनिटांतच बाईंच्या अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला आणि रक्तदाब कोसळला. ॲड्रिनॅलिनची कुपी शोधण्यात जी मिनिटे गेली, ती मी अद्याप विसरलेलो नाही. बाई वाचल्या, हे आमचे कर्तृत्व नव्हे, दैव. पहाटे त्यांचे पती शांतपणे म्हणाले, "तिकडंबी सुई दिल्यावर असंच झालं होतं, साहेब. आल्या आल्या मी दारावरच्या माणसाला सांगितलो होतो की."

त्यांनी सांगितले होते, ते ऐकलेही गेले होते. पण कोणी लिहिले नव्हते आणि माझ्यापर्यंत ते पोहोचले नव्हते. पूर्वीची प्रतिक्रिया ठाऊक असती तरी औषध द्यावेच लागले असते, कारण सर्पविषावर दुसरा उतारा नाही. परंतु ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवूनच मी ते सुरू केले असते.

सर्पदंशातच नोंदीचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते. ती तपासावयास कोरडी, स्वच्छ काचेची नळी आणि घड्याळ पुरते. नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि मग कलती करून पाहावयाची. रक्त वाहिले, तर विष भिनले आहे. प्रतिसर्पविष दिल्यावर साधारण सहा तासांनी हीच परीक्षा पुन्हा करतात आणि रक्त गोठत नसल्यास पुढील मात्रा देतात. आता पहिली मात्रा किती वाजता दिली हेच ठाऊक नसेल, तर सहा तास मोजावयाचे कोठून? सूज वाढते आहे की थांबली, हे कळण्यासाठी तिच्या कडेला पेनाने कातडीवरच रेघ ओढून शेजारी वेळ लिहितात. हा कागद तरी वाटेत हरवत नाही.

दुसरे उदाहरण डोक्याच्या दुखापतीचे. 'रुग्ण अर्धवट शुद्धीत आहे' या वाक्यातून दहा डॉक्टर दहा अर्थ काढतील. ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या मेंदूशल्यविशारदांनी 1974 मध्ये यावर सोपा तोडगा काढला. डोळे कशाने उघडतात, यास चारपैकी गुण. बोलणे कसे आहे, यास पाचपैकी. हातापायांची हालचाल कशी, यास सहापैकी. पूर्ण शुद्धीतल्या माणसास पंधरा आणि काहीच प्रतिसाद नसलेल्यास तीन. नऊ वाजता तेरा असलेले गुण साडेनऊला दहा झाले, तर कवटीत रक्तस्राव वाढत असल्याची शंका त्याच क्षणी घ्यावयास हवी. 'दारू प्यालेला आहे, झोपू द्या' असे कागदावर लिहिले गेले की ही शंकाच मरते. श्वासास दारूचा वास येतो, हे निरीक्षण; गुंगी दारूमुळे आहे, हे अनुमान. सरांचे दोन रकाने येथे जीव वाचवितात.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. रुग्ण मराठीत बोलतो, परिचारिका कन्नड बोलते आणि केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. "जीव घाबरा होतोय" असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या कागदावर 'भीती वाटते' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिलेला मी पाहिला आहे. वस्तुतः ती हृदयविकाराच्या झटक्याची चाहूल असू शकते. म्हणून रुग्णाचे मूळ शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहावेत, अर्थ खाली लिहावा. वेळेचेही तसेच. "मघाशी", "गुरं सोडायच्या वक्ताला" ही आपली घड्याळे आहेत. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळविणारे औषध बहुधा पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि ते तास मोजावयाचे रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला तेव्हापासून. तो पडलेला कधी सापडला, तेव्हापासून नव्हे. हा प्रश्न घरच्यांना विचारावा लागतो आणि उत्तर घड्याळाच्या आकड्यांत लिहावे लागते.

तोंडी आदेशांचा धोका निराळा. गडबडीत 'पंधरा' आणि 'पन्नास' यांत फारसे अंतर राहत नाही. म्हणून आदेश ऐकणाऱ्याने औषधाचे नाव व मात्रा मोठ्याने परत म्हणावी, सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हणावे आणि औषध देताच वेळ लिहावी. लिहितानाही सावधगिरी हवी. '1.0' मधील टिंब पुसट झाले की एकाचे दहा होतात, '.5' चे पाच होतात. म्हणून '1' आणि '0.5' असेच लिहावे. इन्शुलिनच्या आकड्यापुढे 'युनिट'साठी काढलेले इंग्रजी यू अक्षर शून्यासारखे दिसते आणि चाराचे चाळीस होतात. तेथे पूर्ण शब्दच लिहावा. पाळी बदलताना हकीकत सांगण्याचा क्रम अमेरिकेच्या आरमारातील पाणबुड्यांच्या शिस्तीतून वैद्यकात आला : परिस्थिती, पार्श्वभूमी, माझे मूल्यमापन आणि माझी मागणी. शेवटची पायरी आपण संकोचाने गाळतो. "पेशंट बरा वाटत नाही, सर" एवढ्यावर न थांबता "आपण आत्ता येऊन पाहावे" असे म्हणण्याचा अधिकार कनिष्ठातल्या कनिष्ठास असला पाहिजे.

नोंद ही केवळ त्या एका रुग्णासाठी नसते. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून नाडी, घाम, रक्तदाब यांची काटेकोर टिपणे ठेवली. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि लाल विंचवाच्या गंभीर दंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. ग्रामीण दवाखान्यातील टिपणवही जगाच्या उपयोगी पडली.

कायद्याचेही दोन शब्द. अपघाताच्या रुग्णास पोलिसांची कागदपत्रे होईपर्यंत थांबवू नये, उपचार आधी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात दिला. रुग्णाने मागितल्यास त्याच्या नोंदी 72 तासांत द्याव्यात, असे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत म्हटले आहे. मात्र घटनेनंतर सोयीने लिहिलेली नोंद ही नोंद नव्हे. काही राहून गेले असेल, तर खाडाखोड न करता खाली आजची वेळ घालून लिहावे.

आपल्यापैकी बहुतेक जण डॉक्टर नाहीत. तरीही घरातील प्रत्येकाची चालू औषधे, कोणत्या औषधाची प्रतिक्रिया येते, जुने आजार आणि एक फोन क्रमांक असा कागद घरोघरी असावा. तो पाकिटात आणि दाराआड, दोन्हीकडे असावा. 108 ला फोन करताना ठिकाण व खूण आधी सांगावी. रुग्ण दुसरीकडे हलविताना काय दिले, किती दिले, केव्हा दिले आणि त्याने काय झाले, हे चार प्रश्न लिहून मागावेत. मागताना भिऊ नये.

त्या रात्रीनंतर मी रुग्णासोबत आलेल्या माणसाचे बोलणे स्वतः ऐकल्यावाचून आणि लिहिल्यावाचून उपचारपत्र पुरे केले नाही. त्या बाईंच्या पतींचे वाक्य आणि सरांची तांबडी रेघ, हे दोन्ही माझे गुरुच.