‘मी मेलो’ आणि ‘गेमनं मारलं’

खेळ पारखताना : लेखांक ६

सक्करदऱ्यात बुधवार बाजाराच्या मागच्या अंगाला एका गल्लीत छोटा गेम झोन आहे. चार पडदे, चार खुर्च्या, भिंतीवर एक पंखा. शाळा सुटली की पोरं तिथं जमतात आणि गेले दोन महिने मी त्यांच्या मागं उभा राहून ऐकतो आहे. हरल्यावर त्यांच्या तोंडून साधारण दोनच तऱ्हेची वाक्यं निघतात. एक : ‘अबे, मेलो यार! लवकर उडी मारली मी.’ दुसरं : ‘काऊन बे? मी त बटण दाबलं होतं ना! गेमनं मारलं!’ पहिलं वाक्य बोलणारा बोलता बोलताच पुन्हा खेळायला लागतो. दुसरं बोलणारा कंट्रोलर मांडीवर ठेवतो आणि मान वळवून साक्षीदार शोधतो.

नुकत्याच खेळलेल्या गेमचे गुणदोष ठरवायला कुठून सुरुवात करायची, असं अनेक वाचक विचारतात. माझं उत्तर या दोन वाक्यांत आहे. चित्रं सुंदर आहेत की नाहीत हे बाजूला बसून पाहणाऱ्यालाही कळतं. गेम न्यायानं वागतो की नाही, हे मात्र ज्याच्या अंगठ्याखाली बटण आहे त्यालाच कळतं. म्हणून परीक्षकानं आधी स्वतःच्या हरण्याचा हिशेब ठेवावा.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. अवघड असणं हा दोष नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्यांच्या घरी होता, त्यांना ‘काँट्रा’ आठवत असेल. एक गोळी लागली की माणूस खलास. तरी आम्ही तासन् तास खेळायचो, कारण गोळी येताना दिसायची आणि ती चुकवता यायची. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये तर पहिल्याच पडद्यावर एक तपकिरी प्राणी सरळ तुमच्याकडे चालत येतो. काही केलं नाही, तर मरता. मरता तेव्हा सुरुवात करून काही क्षणच झालेले असतात. एका अक्षराची सूचना न देता उडी मारायला शिकवण्याची ती पद्धत होती. त्या मरणात शिकवणी होती, फसवणूक नव्हती.

मंद असणं हाही दोष नाही, आणि हे पटायला जरा वेळ लागतो. १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घ्या. जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखली. परिणाम असा की हा राजपुत्र खऱ्या माणसासारखा जड आहे. धावताना थांबायला सांगितलं तर लगेच थांबत नाही, एक-दोन पावलं घसरतो. आजच्या पोराच्या हातात दिला तर पहिल्या पाच मिनिटांत तो ‘हे अडकतंय’ म्हणेल. पण राजपुत्र दर वेळी तेवढाच घसरतो. कालही तेवढाच, आजही तेवढाच. म्हणून अर्ध्या तासात हात त्याच्या वजनाला सरावतो आणि मग काठावरून मारलेल्या उडीचा आनंद काही वेगळाच असतो. गेम चपळ आहे की जड, हे त्याच्या स्वभावाचं अंग झालं. तीच कृती, तीच जागा आणि निकाल मात्र वेगळा, असं घडलं की तिथं दोष आहे असं समजावं.

याच्या उलट टोकाला २०१८ चा ‘सेलेस्ट’ आहे. डोंगर चढणाऱ्या मुलीचा हा खेळ अतिशय कठीण आहे, पण त्याच्या आत एक दयाळूपणा लपवलेला आहे. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर एक चित्र टिकतं सुमारे १६ मिलिसेकंद. माणसाचा अंगठा इतका नेमका चालत नाही. काठ सुटून गेल्यावर थोड्या उशिरानं बटण दाबलं, तर नियमाप्रमाणे ती मुलगी पडायला हवी. ‘सेलेस्ट’ तिथं सेकंदाच्या दहाव्या भागाची सूट देतो : पाय हवेत असला तरी उडी मान्य! खेळणाऱ्याला हे कळतही नाही, त्याला वाटतं आपलीच वेळ अचूक साधली. मला ही कारागिरी फार मोलाची वाटते. भव्य देखाव्यांवर परीक्षणात परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले जातात आणि या दहाव्या भागावर एक ओळही येत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता आपल्याकडचा गेम. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी मंडळी थांबली नाहीत आणि पुढं ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात या गेमला नामांकन मिळालं. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी, असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली. तिच्या लढण्याकडे नीट पाहा. ती खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवर पाय देऊन उसळते आणि त्याच झोकात वार करते. ती कोण आहे हे संवादातून सांगावं लागत नाही, तिच्या हालचालींतून दिसतं. भित्तिचित्रांपाशी थांबलं की दुर्गा आणि विष्णू यांच्या आवाजात जुन्या कथा ऐकू येतात. राजस्थानी वास्तूंची ठेवण, पहाडी चित्रशैलीची छटा, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेले प्रसंग. हे सारं एकमेकांत मुरलेलं आहे.

आणि दोष? कॅमेरा दूर, उंचावर आणि बांधलेला. देखाव्याला तो शोभतो, पण पुढचा काठ किती लांब आहे याचा अंदाज घेताना खेळणाऱ्याला आपली मान वळवता येत नाही. लढाईतला सैलपणा आणि गोष्टीचा अचानक तुटणारा शेवट याबद्दलही मूळ आवृत्तीवर बऱ्याच परीक्षकांनी बोट ठेवलं. ‘आपल्या मातीतला आहे, सांभाळून घ्या’ असं म्हणणारे तेव्हाही भेटले. मला ते पटत नाही. राजीच्या गिरकीचं कौतुक मी मनापासून करतो, म्हणूनच काठाची तक्रारही तितक्याच स्पष्टपणे नोंदवतो. सवलतीचे गुण दिले, तर कौतुकालाही किंमत उरत नाही.

ऑनलाइन खेळांत मात्र हिशेब गुंतागुंतीचा होतो. तिथं तिसरं वाक्य ऐकू येतं : ‘नेटनं मारलं!’ तुमच्या मोबाइलवरून निघालेला संदेश दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याला पोरं पिंग म्हणतात. तो ४० मिलिसेकंद असेल तर जाणवत नाही. २०० झाला की तुम्हाला दिसणारा शत्रू हा सेकंदाच्या निदान दहाव्या भागापूर्वीचा शत्रू असतो. त्यात अनेक नेमबाजीच्या खेळांत सर्व्हर क्षणभर मागं जाऊन, गोळी झाडणाऱ्याला तेव्हा काय दिसत होतं ते पाहतो आणि त्यावरून निकाल देतो. म्हणून ‘भिंतीमागं गेलो होतो ना बे मी!’ असं ओरडणारा पोरगा खोटं बोलत नसतो. त्याच्या पडद्यावर तो भिंतीमागं होता, मारणाऱ्याच्या पडद्यावर अजून उघड्यावर होता. अशा वेळी गेमला दोष देण्याआधी कोपऱ्यातला पिंगचा आकडा पाहावा, वेळ बदलून, जमलं तर जोडणी बदलून पुन्हा खेळावं. परीक्षकाकडून एवढ्या कष्टाची अपेक्षा ठेवणं मला गैर वाटत नाही.

गेम झोनमधल्या नववीतल्या एका पोराला मी दोन आठवड्यांपूर्वी एक वही दिली. तीन रकाने आखले : मी, गेम, नेट. प्रत्येक मरणाची रेघ कोणत्या तरी रकान्यात ओढायची आणि जागा लिहायची. पहिल्या दिवशी सगळ्या रेघा ‘गेम’खाली होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्यानं स्वतःच काही खोडल्या आणि ‘मी’खाली नेल्या. काल त्यानं वही दाखवली. ‘गेम’खाली आता चारच उरल्या आहेत आणि त्यांतल्या तीन एकाच जागेच्या आहेत, एका तुटक्या जिन्याच्या. ‘काका, इथं मी चुकलोच नाही,’ तो म्हणाला. येत्या बुधवारी बाजार भरायच्या आत त्या जिन्यावरून आम्ही दोघं दहा-दहा वेळा उडी मारणार आहोत.