फळीवरची आगगाडी: जुन्नर-आंबेगावातील एका राहून गेलेल्या छंदाचा मागोवा

पुणे-नाशिक रेल्वेमार्ग मंचर-नारायणगावावरून न नेता शिर्डीमार्गे वळवण्याचे जाहीर झाल्यापासून आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा रेल्वेचा प्रश्न पुन्हा होता तिथेच येऊन थांबला आहे. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाट पार होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. परंतु त्याच पुणे जिल्ह्याच्या या उत्तर टोकाला आजतागायत एक फलाटही उभा राहिला नाही. मधला दीर्घ काळ मागण्या, सर्वेक्षणे आणि आश्वासने यांत गेला व त्याचा तपशील सांगण्याजोगा नाही. येथील मुलाला घरबसल्या रेल्वे हाताळून समजावी, तर प्रतिकृतीवाचून दुसरा मार्ग नाही.

या दृष्टीने १९९८ नंतरचे दशक सर्वांत आशेचे होते. १ एप्रिल १९९८ रोजी पुण्यात कोथरूड परिसरात भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय खुले झाले आणि सिग्नलनुसार थांबणाऱ्या, सांधे बदलून एका रुळावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या गाड्या जिल्ह्यातील मुलांना हाताच्या अंतरावर पाहता आल्या. एप्रिल २००१ मध्ये आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध उठल्यामुळे परदेशी रूळ व इंजिने मिळण्याची वाटही थोडी मोकळी झाली. त्या वर्षांत ग्रामीण भागाला भारनियमनाने ग्रासले होते हे खरे. पण या गाड्या साधारण १२ व्होल्टच्या एकदिश विद्युतप्रवाहावर, म्हणजे मोटारसायकलच्या बॅटरीइतक्याच दाबावर चालत असल्याने ती अडचणही दुर्लंघ्य नव्हती.

खरी अडचण जागेची मानली गेली, आणि तिचे उत्तर फळीत होते. ‘एचओ’ या मापात प्रतिकृती मूळ गाडीच्या ८७ पट लहान असते आणि ‘एन’ मापात १६० पट. त्यामुळे सुमारे २१ मीटर लांबीचा प्रवासी डबा एन मापात जेमतेम १३ सेंटिमीटर भरतो. ३० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर गाडीला पूर्ण वळसा घेता येत नाही, म्हणून एक तर मुलाच्या खोलीच्या चारही भिंतींवरून फळी फिरवून दारापाशी काढता येणारा पूल ठेवावा लागतो, किंवा वळशाचा नादच सोडून शंटिंगचे, म्हणजे डबे मागेपुढे करून ठरलेल्या क्रमाने जोडण्याचे, यार्ड उभारावे लागते. ब्रिटिश छंदिष्ट अ‍ॅलन राइट यांच्या ‘इंगलनूक’ रचनेत दोनच सांधे आणि तीन मार्गिका असतात. एकीवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन, आणि आठांपैकी पाच वाघिणी सांगितलेल्या क्रमाने लावायच्या असतात. असे क्रम ६,७२० होतात, म्हणजे सव्वा मीटर फळी मुलाला वर्षानुवर्षे पुरते. प्लायवुडवर कॉर्कचा थर दिला की खडखडाट कमी होतो, तारा फळीखालून नेता येतात, आणि सांध्याचे टोक रुळाला नीट टेकले नाही तर वाघीण का घसरते हे मूल स्वतःच्या बोटांनी शिकते.

ही संधी पुढे आक्रसली. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि याच शीर्षकाखाली प्रतिकृती-रेल्वेही मोडत असल्याने शिक्षणाचे साधन श्रीमंती चैनीच्या पंक्तीत बसवले गेले. देशी उद्योगाला संरक्षण देण्याचा हेतू रास्त असला, तरी सामान्य घराला परवडतील असे देशी रूळ आणि सांधे त्यातून गावोगावच्या दुकानांत पोहोचले नाहीत.

मोठ्या रेल्वेचीही तीच गत झाली. २३५ किलोमीटरच्या, ताशी २०० किलोमीटर वेगासाठी आखलेल्या पुणे-नाशिक मार्गासाठी मोजण्या झाल्या. नंतर खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांत अडथळा येईल, या कारणाने तो बाजूला सारला गेला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचा हा प्रकल्प जुन्नरचे भूषण आहे आणि त्याचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु तो १९९० च्या दशकापासून तेथे उभा असताना त्याचा विचार आखणीच्या आरंभीच का झाला नाही, याचे उत्तर या तालुक्यांना मिळायला हवे.

ते मिळेपर्यंत पालकांनी आणि शाळांनी एक फळी, दोन सांधे आणि आठ वाघिणी एवढ्यावर तरी आरंभ करावा, आणि यार्डाच्या पाटीवर मंचर किंवा नारायणगाव हेच नाव लिहावे.