जुन्या चकत्यांवरील मराठी मजकूर : वाचन व रक्षण

कानपूरच्या आयआयटीत उदय पावलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने (स्थापना १९८८) प्रसृत केलेले ‘जिस्ट’ तंत्र उपलब्ध झाल्यावर सामान्य संगणकावर देवनागरी लिहिणे सुकर झाले. त्या काळातील मजकूर बहुधा फ्लॉपी चकत्यांवर साठविला जाई. बोलींचे शब्दसंग्रह वा ओव्यांच्या नोंदी अशा चकत्यांवर असल्या आणि सांगणारी माणसे आज हयात नसली, तर तो मजकूर पुन्हा मिळविता येत नाही. म्हणून त्याचे वाचन कसे करावे, हा प्रश्न भाषाभ्यासाच्याही कक्षेत येतो.

या वाचनात दोन अडथळे आहेत : पहिला यंत्राचा, दुसरा लिपिसंकेताचा.

साडेतीन इंची चकतीच्या दोन बाजू, प्रत्येकीवर ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात १८ खंड व प्रत्येक खंडात ५१२ बाइट. म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट होत. वाचनापूर्वी चकती लेखनबंद करणे अत्यावश्यक होय. साडेतीन इंची चकतीत कोपऱ्यातील छिद्र उघडे ठेवल्यास लेखन थांबते. सव्वापाच इंची चकतीत मात्र कडेची खाच झाकावी लागते. हा विपरीत नियम विसरल्यास मूळ मजकुरावर नवे लेखन होण्याचा धोका संभवतो.

जुन्या संगणकास आजचा पेन ड्राइव्ह थेट जोडता येत नाही. कारण यूएसबीचा मानक १९९६ चा आहे. तथापि दोन उपाय आहेत. फ्लॉपीयंत्राच्या जागी बसणारे अनुकारक यंत्र पेन ड्राइव्हवरील चकती-प्रतिमा जुन्या संगणकापुढे फ्लॉपी म्हणून मांडते. दुसरा उपाय, कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साध्या जोडणीपट्टीने हार्डडिस्कच्या जागी बसविणे. डॉस ६.२२ वापरणाऱ्या यंत्रासाठी कार्डाचा विभाग फॅट-१६ पद्धतीचा व २ गिगाबाइटच्या आतील असावा. मग चकतीची संपूर्ण प्रतिमा त्यावर उतरवून ती नव्या संगणकाकडे नेता येते.

येथे दुसरा अडथळा उभा राहतो. बीड जिल्ह्यातील ‘चौसाळा’ हे ग्रामनाम उदाहरणार्थ घेऊ. १९९१ च्या इस्की मानकानुसार त्याचे सहा संकेत असे : १८४, २३०, २१५, २१८, २१०, २१८. युनिकोडमध्येही घटक सहाच; परंतु यूटीएफ-८ पद्धतीत त्यांस १८ बाइट लागतात. इस्कीतील फाइल आज तशीच उघडल्यास विजोड रोमन चिन्हे दिसतात. मात्र त्यांत चौथे व सहावे चिन्ह एकच असते. तो दोनदा आलेला काना होय. अशा पुनरावृत्तीवरूनच संकेत ओळखता येतो.

अक्षराकृतींवर आधारलेल्या जुन्या टंकांची स्थिती अधिक कठीण आहे. ‘शिरूर’ या शब्दातील वेलांटी इस्कीत उच्चारक्रमाने ‘श’नंतर येते, आकृतिप्रधान टंकात ती दृष्टिक्रमाने आधी साठविली जाते. शिवाय संकेत टंकागणिक भिन्न असतात. यास्तव चकतीसमवेत टंकाची फाइलही जपली पाहिजे.

सारांश, आधी लेखनबंदी, मग पूर्ण प्रतिमा, नंतर संकेतपालट आणि शेवटी ज्ञात शब्दांशी पडताळा, हा क्रम पाळावा. रूपांतर झाले म्हणून मूळ प्रतिमा नष्ट करू नये. पालटात एखादा ‘ळ’ चुकला, तर तो दुरुस्त करण्याचा आधार तेवढाच उरतो.