खंडणीचा कायदा : बैहरच्या फडावरील समज आणि वस्तुस्थिती

कान्हाच्या जंगलाला लागून असलेल्या बैहर भागात उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे फड, म्हणजे तोडलेल्या पानांचे पुडे मोजून घेण्याची ठिकाणे, सुरू होतात आणि बालाघाटच्या वनपट्ट्यातील याच व्यवहारावर माओवादी दलमांनी, म्हणजे सशस्त्र गटांनी, दीर्घकाळ खंडणीची वसुली बसवली. त्यामुळे खंडणीविषयीचे गैरसमज येथे केवळ पुस्तकी राहत नाहीत.

पहिला गैरसमज कायदा बदलण्याविषयीचा : राज्याच्या विधानसभेत खंडणीविषयीचे दुरुस्ती विधेयक संमत झाले की कायदा बदलला, असे सर्रास मानले जाते. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे संसद आणि राज्य विधिमंडळ या दोहोंना कायदा करता येतो अशा विषयांत, मोडतो हे खरे. परंतु केंद्रीय कायद्याशी विसंगत असलेली राज्याची तरतूद अनुच्छेद २५४(२) नुसार राष्ट्रपतींच्या संमतीनंतरच त्या राज्यात टिकते. गुजरातच्या संघटित गुन्हेगारीविरोधी विधेयकाला, ज्यात खंडणीही येते, २००३ पासून अनेकदा माघारी येऊन ही संमती २०१९ मध्ये मिळाली.

पैसे हाती पडले नाहीत तर गुन्हाच नाही, हा समजही निराधार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार भीती घालून मालमत्ता किंवा सही केलेला दस्तऐवज देण्यास भाग पाडणे म्हणजे खंडणी, आणि तिची कमाल शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर गेली आहे. मात्र खंडणीसाठी नुसती भीती घालणे हाही त्याच कलमाखाली वेगळा गुन्हा आहे. शेत नांगरून टाकायला लाठीवाले पाठवण्याची धमकी देऊन पिकाचा करार लिहून घेणे, हे या कलमातील उदाहरण जुन्या दंडसंहितेतून जसेच्या तसे आले आहे.

सर्वांत घातक समज असा की, दहशतीपोटी पैसे देणारा ठेकेदारही दहशतवादाचा पोशिंदा ठरतो. झारखंडच्या चतरा जिल्ह्यातील कोळसा वाहतुकीशी संबंधित सुदेश केडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जामीन देताना, खंडणीची रक्कम देणे म्हणजे प्रथमदर्शनी दहशतवादाला अर्थपुरवठा नव्हे, असे नोंदवले. हे मत जामिनापुरते आहे, अंतिम निकाल नव्हे; म्हणूनच राज्याने कायद्यात दुरुस्ती सुचवायचीच असेल तर शिक्षेचे आकडे वाढवण्याआधी पीडित आणि साथीदार यांतील ही रेषा स्पष्ट करणे अधिक निकडीचे आहे, कारण आपल्यालाच आरोपी केले जाईल या धास्तीने माणूस ठाण्याची पायरी चढत नाही.

ठाणे घटनास्थळाचेच हवे असेही नाही; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवली तर तीन दिवसांत सही करावी लागते.