अंगणवाडीतील खेळ आणि बालआरोग्य (भंडारा जिल्हा)

अंगणवाडीतील खेळ हा ३ ते ६ वर्षे वयोगटातील बालकांच्या पूर्वशालेय शिक्षणाचा आणि आरोग्यसंवर्धनाचा घटक आहे. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अंगणवाड्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली जिल्हा परिषदेमार्फत चालवल्या जातात. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे जिल्ह्यातील ७ तालुके होत.

पार्श्वभूमी

अंगणवाडीची कल्पना शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी रुजवली. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे ते कोसबाड येथे विस्तारले. अनुताई वाघ या त्यांच्या प्रमुख सहकारी होत्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, हे या कार्याचे सूत्र होते. माँटेसरी पद्धतीतील महागड्या साधनांऐवजी तेथे बिया, शंख-शिंपले, खडे अशा परिसरातील वस्तू वापरल्या जात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक पोषण आहार, पूर्वशालेय शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषण व आरोग्य शिक्षण या सहा सेवा तिच्यात येतात.

हालचालीचे प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३ व ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी. त्यांपैकी किमान ६० मिनिटे ती धावण्या-उड्या मारण्यासारखी जोमदार असावी. पडद्यासमोरचा वेळ १ तासापेक्षा अधिक नसावा आणि झोप १० ते १३ तास असावी. लंगडी, शिवाशिवी, चेंडू झेलणे व रेषेवरून चालणे यांतून तोल व स्नायूंचा समन्वय विकसित होतो. मणी ओवणे व मातीकाम यांतून बोटांवर ताबा येतो.

कुपोषण आणि खेळ

अंगणवाडीत बालकांचे वजन व उंची नियमित नोंदवली जाते. ६ ते ५९ महिने वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित गणले जाते. कुपोषित मुले हालचाल कमी करतात. त्यामुळे परिसराचा शोध घेण्याची व शिकण्याची त्यांची संधीही घटते. म्हणून तीव्र कुपोषणाच्या उपचारपद्धतीत आहार व औषधांसोबत प्रेमळ सहवास आणि रोजचा नियोजित खेळ यांचाही समावेश आहे. खेळ हे बरे झाल्यानंतरचे बक्षीस नसून उपचाराचा भाग मानला जातो.

स्थानिक परिस्थिती

धान हे जिल्ह्याचे मुख्य पीक आहे. पावसाळ्यातील रोवणीच्या काळात अनेक माता दिवसभर बांधीत राबतात. अशा वेळी लहान मुलांच्या आहाराच्या व खेळाच्या दृष्टीने अंगणवाडीचे महत्त्व वाढते. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने मैदानी खेळ सकाळी लवकर किंवा सावलीत घेणे इष्ट ठरते. पूर्व विदर्भात सिकलसेल आजार आढळतो. या आजाराच्या मुलांना खेळापासून दूर ठेवण्याऐवजी वारंवार पाणी व विश्रांती देणे आणि अतिश्रम व अतिउष्णता टाळणे आवश्यक असते. गावोगावी असलेल्या तलावांमुळे खेळाची जागा पाण्यापासून सुरक्षित अंतरावर असावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साजऱ्या होणाऱ्या तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी ओढत घरोघरी फिरतात. चालणे व ओढणे यांची संधी देणारा हा येथील पारंपरिक बालोत्सव आहे.