नोकरीचा अर्ज : गिरणीच्या दारापासून संगणकापर्यंत

कुर्ला आणि नोकरी यांचे नाते जुने आहे. १८८६ साली जमशेटजी टाटा यांनी येथील धरमसी गिरणी विकत घेतली आणि ती पुढे स्वदेशी मिल म्हणून नावारूपास आली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखानाही येथेच होता. गिरण्यांत कामगार भरण्याचे काम जॉबर करी. सकाळी दारात जाऊन उभे राहणे हाच बदली कामगाराचा अर्ज. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन आले आणि नोंदणीपत्रास महत्त्व प्राप्त झाले. ती गिरणी व तो कारखाना आता बंद आहेत. प्रीमियरचे नाव रस्त्याला तेवढे उरले आहे.

आता नोंदणी व अर्ज संगणकावरून होतात. केंद्र शासनाची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. राज्याचे ‘महास्वयं’ हे संकेतस्थळही उमेदवारांची नोंदणी करते. खासगी आस्थापना ई-मेलने अर्ज मागवितात. पाठविणे सोपे झाले, म्हणूनच एकेका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो आणि मोठ्या आस्थापनांत तो प्रथम संगणक चाळतो. संगणक हवे ते शब्द शोधतो. ‘सर्व कामे येतात’ असे लिहिणारा फिटर त्याला सापडत नाही. व्यवसायाचे नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, हाताळलेली यंत्रे व कामाचा कालावधी स्पष्ट लिहिणारा सापडतो. हस्तलिखित कागदाचे छायाचित्र पाठविल्यास त्यातील शब्द संगणकाला वाचता येतीलच असे नाही. अर्ज टंकलिखित करून पीडीएफ स्वरूपात जतन करावा, हे उत्तम.

मराठीतून अर्ज करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेखन केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला असता निरर्थक चिन्हांची रांग दिसते. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोठेही मराठीच राहतो. अनेक कार्यालयांनाही हा अनुभव परिचित आहे.

नावाचा प्रश्न तर अगदी आपल्याकडचा. शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारपत्रावर ते शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे, असे पुष्कळदा आढळते. प्रमाणपत्रावर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने अर्जात लिहावे; अन्यथा निवड होऊनही कागदपत्रांच्या पडताळणीत उमेदवार अडतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र साध्या गोष्टीने होते. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत असो वा गावातील सेवा केंद्रात, अर्ज भरताना घाईत दुकानदाराचाच ई-मेल पत्ता दिला जातो. मुलाखतीचे पत्र तिकडे येते, न उघडता पडून राहते, आणि आपल्याला बोलावणेच आले नाही अशी उमेदवाराची समजूत होते. मोबाइल क्रमांक बदलून नोंदणीत जुनाच राहिला तरी हेच घडते. शिक्षकांनी दहावी-बारावीच्या वर्गातच प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा ई-मेल पत्ता उघडण्यास शिकविले, तर हे बहुतांशी टळेल. त्याचा परवलीचा शब्द विद्यार्थ्यानेच जपावा, केंद्रचालकाच्या वहीत तो लिहून ठेवू नये.

पाठविताना विषयाच्या ओळीत पदाचे नाव व जाहिरात क्रमांक लिहावा. जोडलेल्या फाइलला ‘नवीन १’ असे नाव न देता उमेदवाराचे नाव द्यावे. अर्ज एका पानाचा, फार तर दोन पानांचा असावा. आधार क्रमांक व बँक खात्याचा तपशील त्यात घालण्याचे कारण नाही. मागणी झाल्यास निवडीनंतर, आस्थापनेची खातरजमा करून तो द्यावा.

नोकरीच्या नावाने नोंदणी शुल्क, अनामत किंवा गणवेशाचे पैसे आधी मागणाऱ्या निरोपांपासून सावध राहणे आवश्यक आहे. सरकारी भरतीचे परीक्षा शुल्क असते, परंतु ते अधिकृत जाहिरातीत छापलेले असते. कोणा व्यक्तीच्या मोबाइलवर ते भरावयाचे नसते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात वळते होण्यापूर्वी बँकेला ते रोखता येण्याची शक्यता असते, म्हणून पहिल्या काही तासांना महत्त्व आहे.